जेफ्री बावांकडून काय घ्यावं, काय घेऊ नये: लुनुगंगा आणि कोकणातली दोन एकर

तुमचे प्रश्न दोन आहेत. आर्किटेक्ट म्हणून पाच वर्षं काम केल्यावर एकोणतिसाव्या वर्षी लँडस्केपकडे वळायचं आहे. श्रीलंकेचे जेफ्री बावा आर्किटेक्ट म्हणून पात्र ठरले तेव्हा ते अडतिशीला आले होते, हे वाचून धीर आला, पण तो रस्ता आज चालण्यासारखा आहे का, हा पहिला. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या वरच्या अंगाला घरची दोन एकर जांभ्याची जमीन आहे, तिथे बावांच्या श्रीलंकेतल्या लुनुगंगेसारखं घर आणि बाग मिळून एकच काम करायचं तर सुरुवात कुठून करावी, हा दुसरा.

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण पहिल्याचं उत्तर बरंचसं त्यातच आहे. बावा जमीन घडवायला आधी शिकले आणि घर बांधायला नंतर. त्यांच्या कामाचे फोटो पाहून लोक काळे रांजण, लाद्यांचा चौकटपट आणि उघडी बैठक उचलतात. खरं काम जमिनीच्या छेदात आहे, म्हणजे माती कुठे कापली, कुठे टाकली, कोणती झाडं काढली आणि पाणी कुठून वाट काढून गेलं, यात. ते फोटोत दिसत नाही.

चरित्र थोडक्यात असं. जन्म १९१९, कोलंबो. केंब्रिजला इंग्रजी साहित्य, नंतर लंडनला कायदा. बॅरिस्टर होऊन परत आले, पण वकिलीत मन रमलं नाही. १९४६ मध्ये आई गेली, त्यानंतर वकिली सोडून दोनेक वर्षं देशोदेशी हिंडले. इटलीत गार्डा सरोवराकाठी घर घ्यायचा बेत होता, तो फिसकटला. परतल्यावर १९४८ मध्ये बेंटोटाजवळ देड्डुवा तळ्यात शिरलेल्या जमिनीच्या जिभेवरचा एक पडीक रबराचा मळा घेतला. तीच लुनुगंगा, सिंहलीत खारी नदी. इटलीत पाहिलेल्या बागांच्या तोडीची बाग इथल्या हवेत उभी करायची, एवढंच तेव्हा मनात होतं. कामाला हात घातल्यावर तंत्राची उणीव जाणवली. म्हणून १९५१ मध्ये कोलंबोतल्या एडवर्ड्स, रीड अँड बेग या जुन्या फर्ममध्ये एच. एच. रीड यांच्याकडे उमेदवारी केली. पुढच्याच वर्षी रीड वारले. मग लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये शिक्षण, १९५७ मध्ये आर्किटेक्ट म्हणून पात्रता, आणि परत येऊन त्याच फर्मची धुरा. १९९८ मध्ये अर्धांगवायूचा झटका येईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, लुनुगंगेचं काम चालूच होतं. २००१ मध्ये आगा खान पुरस्कारांमधला विशेष अध्यक्षीय पुरस्कार मिळाला, २००३ मध्ये ते गेले.

लुनुगंगेत नेमकं काय केलं ते पाहू. मूळ बंगल्याचं प्रवेशाचं तोंड त्यांनी फिरवलं. घरापासून दक्षिणेला एक टेकाड आहे, त्याला सिनॅमन हिल म्हणतात, कारण रबराच्या आधी तिथे दालचिनीची लागवड होती. या टेकाडाचा माथा त्यांनी उतरवला. त्यामुळे गच्चीवर बसलं की नजर उतारावरून खाली जाते, टेकाडावर चढते आणि त्यापलीकडे तळं आणि दूरच्या कटाकुलियाच्या विहाराचा पांढरा स्तूप दिसतो. घर आणि टेकाड यांच्यामधून गावचा रस्ता जातो. तो खालच्या खाचेत गेल्यामुळे माणसं, सायकली, गाड्या काहीच दिसत नाही. हिरवळ सलग वाटते. टेकाडावर एक मोठं झाड ठेवलं आणि त्याच्या बुंध्याशी एक चिनी रांजण. सिंहलीत त्या झाडाला मूनमल म्हणतात. आपली बकुळ तीच. इतक्या लांबच्या दृश्याला मध्ये एक टप्पा हवा असतो. तो रांजण नसता तर नजर सरळ स्तूपावर जाऊन थांबली असती आणि मधलं अंतर जाणवलंच नसतं.

तळ्याकडच्या गच्चीवर पांढरा चाफा आहे. त्याच्या फांद्या आडव्या आणि जमिनीजवळ पसरल्या आहेत, कारण त्या कोवळ्या असताना त्यांना वजनं टांगली होती. हे तुम्हालाही करता येईल, मात्र चाफ्याची फांदी ठिसूळ असते हे विसरू नका. फांदी अंगठ्याएवढी जाड असेपर्यंतच हा उद्योग करावा. वजन सुतळीने बांधू नये, साल कापली जाते. चार बोटं रुंद कापडी पट्टी वापरावी. पहिल्यांदा अर्धा किलो, मग दर पंधरवड्याला थोडं थोडं वाढवत न्यावं, आणि हे वाढीच्या दिवसांत करावं. एकदम पाच किलो टांगलं की फांदी खोडाजवळून फाटते आणि जखमेतून कूज आत जाते. एका हंगामात वळण बसत नाही. दोन-तीन वर्षं धरून चला.

आता तुमची जागा. पहिलं काम मोजणीचं. तलाठ्याचा नकाशा आणि सातबारा पुरत नाही. टोटल स्टेशनने (अंतर आणि उंची मोजणाऱ्या यंत्राने) अर्ध्या मीटरच्या अंतराने समपातळी रेषा काढून घ्या. ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त घेराचं प्रत्येक झाड नकाशावर हवं, त्याच्या बुंध्याची पातळी आणि पानांचा विस्तार मोजून. गडगे, पाखाडी, विहीर, पऱ्या, उघडा कातळ, पावसात पाणी साचतं ती जागा, हे सगळं चढवायचं. बावांच्या कार्यालयातल्या नकाशांत लाकी सेनानायके आणि सहकाऱ्यांनी झाडं काढली आहेत ती गोल शिक्के मारून काढलेली नाहीत. फणस फणसासारखा दिसतो, चाफा चाफ्यासारखा, कारण जे झाड राखायचं त्याची फांदी कुठवर येते यावर भिंत कुठे थांबणार हे ठरत होतं. संगणकावर झाडाचं चिन्ह शंभर वेळा चिकटवण्याची सवय लागलेल्या प्रत्येकाने आपल्या जागेतली किमान दहा झाडं हाताने, मोजून काढावीत.

नजरेचं गणित मात्र आकड्यांत करावं लागतं. समजा, पडवीचं जोतं ६० सेंटीमीटर आहे आणि बसलेल्या माणसाचा डोळा त्यावर १.२ मीटर. म्हणजे डोळा खळ्यापासून (अंगणापासून) १.८ मीटर उंचीवर. ३० मीटरवर गाडीवाट आहे आणि गाडीची उंची दीड मीटर. २५ मीटरवर ६० सेंटीमीटरचा सौम्य उंचवटा केला, तर डोळ्यापासून त्याच्या माथ्याला घासून जाणारी रेषा दर मीटरला ४.८ सेंटीमीटर उतरते आणि गाडीवाटेवर ती ३६ सेंटीमीटर उंचीवर पोचते. गाडी पूर्ण लपवायची तर वाट साधारण १.१५ मीटर खाली हवी. तेच वाट न खणता करायला गेलात तर उंचवटा दीड मीटरच्या वर जातो, आणि मग गाडीबरोबर खाडीही लपते. ही चूक सर्रास होते: बांध उंच करतात, वर दाट झाडी लावतात आणि ज्या दृश्यासाठी जागा घेतली तेच झाकून टाकतात.

सार्वजनिक रस्ता तुम्हाला खणता येणार नाही, पण स्वतःच्या हद्दीतली गाडीवाट आणि गाड्या लावायची जागा येईल. उतार एकास दहापेक्षा तीव्र नको, १.१५ मीटर खाली जायला साडेअकरा मीटर लांबी लागते. घराच्या बाजूची उभी भिंत म्हणजे कोकणातला गडगाच, फक्त जमिनीत बुडवलेला. जांभ्याच्या कोरड्या रचणीत सव्वा मीटर उंचीसाठी पायाशी सुमारे ६० सेंटीमीटर, माथ्याशी ४० सेंटीमीटर, आणि मागच्या बाजूला थोडी कललेली. पलीकडची बाजू एकास तीनच्या उताराने वर न्यायची. भिंतीमागे ३० सेंटीमीटर जाडीचा दगडचुरीचा थर आणि माती त्यात शिरू नये म्हणून मध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं आणि माती अडवणारं कापड. चुन्यात किंवा सिमेंटात बांधली तर दर दीड मीटरवर ७५ मिलिमीटरची झिरपभोकं. अशा भिंती पडतात त्या जवळजवळ नेहमी जुलै-ऑगस्टमध्ये, आणि कारण एकच: मागची माती पाणी पिऊन जड होते आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. सिमेंटने सांधे बुजवून भिंत मजबूत केली असं गवंडी सांगतो, तेव्हा खरं तर तिची श्वासाची वाट बंद झालेली असते.

खोल गाडीवाट पावसात व्हाळ होते, हेही धरून चला. तिच्या सर्वांत खालच्या टोकाला पाण्याला आपोआप बाहेर जाण्याची वाट असली तरच ती खणा. पंप बसवू, टाकी करू, हे कोकणात चालत नाही. वीज जाते तेव्हाच पाऊस सर्वांत जोरात असतो.

मातीचा हिशेब आधी करा. माथा एक मीटर रुंद, उंची एक मीटर, दोन्ही उतार एकास तीन, असा बांध केला तर दर मीटर लांबीला चार घनमीटर माती लागते. तीस मीटरला १२० घनमीटर. ट्रॅक्टरच्या तीन घनमीटरच्या ट्रॉलीने चाळीस खेपा, आणि पहिल्या पावसात माती दहा-पंधरा टक्के बसणार, तेवढी जास्तीची. ही माती बाहेरून आणू नका. गाडीवाट, पाया आणि शोषखड्डा यांच्या खणतीतून जेवढी निघेल तेवढ्यातच बांध बसवा. वरची १५-२० सेंटीमीटर काळसर माती आधी वेगळी काढून झाकून ठेवा आणि शेवटी वर पसरा. जेसीबीवाला ती मुरुमात मिसळून टाकतो. पहिल्या दिवशी तुम्ही तिथे उभे नसाल तर हे होणारच, आणि मग पाच वर्षं त्या उतारावर नीट काही उगवत नाही.

झाडं काढण्याबद्दल. लुनुगंगेतलं बरंचसं काम रबराची झाडं काढून मोकळीक निर्माण करण्याचं होतं. आपल्याकडे त्याला कायद्याची मर्यादा आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ खाली आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा ही झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत; नगरपालिका हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे. खाडीकाठ म्हटल्यावर सीआरझेडची (किनारी बांधकाम-नियमन क्षेत्राची) रेषा आधी तपासा. तोडण्याआधी आणखी एक साधी गोष्ट करा. खालच्या फांद्या तीन-साडेतीन मीटरपर्यंत साफ करा आणि पुन्हा पडवीत बसून पाहा. दहातल्या सात वेळा झाड काढायची गरज उरत नाही. खोडांच्या मधून खाडी दिसू लागते, आणि नुसत्या उघड्या दृश्यापेक्षा ते चांगलं दिसतं.

आता बेंटोटा आणि रत्नागिरी यांच्यातला फरक, जो बहुतेक नक्कल करणाऱ्यांना महागात पडतो. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा जोराचा पाऊस, आणि मधल्या महिन्यांतही सरी. तिथे शेवाळ वर्षभर ओलं राहतं. रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. लुनुगंगेची हिरवळ इथे जानेवारीत पिवळी पडणार. ती हिरवी ठेवायची तर उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज साधारण पाच लिटर पाणी लागतं. हजार चौरस मीटरला रोज पाच हजार लिटर, जानेवारी ते मेच्या दीडशे दिवसांत साडेसात लाख लिटर. दहा हजार लिटरचे पंच्याहत्तर टँकर. ज्या गावात एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात तिथे हे करणं चूक आहे, परवडत असलं तरी. हरळी आणि रानगवत पावसात हिरवं, दिवाळीनंतर सोनेरी, आणि मार्चमध्ये कापलेलं, असं तीन ऋतूंचं खळं धरून रचना करा. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, पावसाळी रानफुलांचं गवत हे याच हवेचं देणं आहे. त्याच्या जागी विकतचं लॉन अंथरू नका.

झाड लावतानाही कातळाचा स्वभाव ओळखावा लागतो. एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, असं सगळे सांगतात. मऊ मातीत ते बरोबर. कातळात ब्रेकरने फोडलेला असा खड्डा म्हणजे बादली: जुलैमध्ये त्यात पाणी भरून राहतं, मुळं गुदमरतात, आणि सप्टेंबरमध्ये पानं पिवळी पडल्यावर माळी आणखी पाणी घालतो. खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूने तळापासून एक चर फोडून बाहेर काढा आणि तो दगडचुरीने भरा. भरताना दोन भाग वरची माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. खत कच्चं असलं तर वाळवी येते. झाडं बकुळ, सुरंगी, उंडी, नागचाफा, वावडिंगासारख्या रानवेली अशी इथलीच घ्या, आणि दोन-तीन फुटी रोपं घ्या. पंधरा फुटी, गोणपाटातली, परराज्यातून आलेली झाडं कातळावर फार क्वचित मुळं धरतात. आळ्यात चार बोटं जाड पातेरा टाका. पातेरा जाळायची सवय मोडली की उन्हाळी पाण्याची पाळी निम्म्यावर येते.

घराकडे येऊ. बावांच्या छपरांबद्दल एक गोष्ट कोकणासाठी फार उपयोगी आहे. त्यांनी पन्हळी सिमेंट पत्रा खाली घालून त्यावर अर्धगोल कौलं बसवण्याची पद्धत रुळवली. पाणी पत्रा अडवतो आणि ऊन कौल अडवतं. माकडांनी कौलं उलथली तरी आत गळत नाही. त्या काळी तो पत्रा ॲस्बेस्टॉसचा असे. आज ॲस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचाच घ्या. बिघाड होतो तो दोन ठिकाणी: पत्र्याच्या बोल्टची भोकं पन्हळीच्या माथ्याऐवजी तिच्या खालच्या खाचेत पाडली तर, आणि कौल-पत्र्याच्या मध्ये पातेरा साचून पाणी मागे चढलं तर. छपरावर फांद्या झुकल्या असतील तर दरवर्षी मे महिन्यात खालच्या दोन ओळी उचलून साफ करायच्या, हे घरमालकाला लिहून द्या.

पन्हाळ्या टाळून पागोळ्या सरळ जमिनीवर पडू द्यायच्या असतील तर छपराचा पुढावा किमान ९० सेंटीमीटर, कोकणात १.२ मीटर. पागोळी पडते त्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी मिळून ६० सेंटीमीटर रुंद, ३० सेंटीमीटर खोल चर खणून जांभ्याच्या तुकड्यांनी भरायचा आणि तळाला एकास शंभरचा उतार द्यायचा. हा चर नसला की दोन पावसाळ्यांत जोत्यावर लाल चिखलाचा फुटभर पट्टा चढतो आणि चिऱ्यात ओल मुरते.

चौक करायचा मोह होईलच. १९६०-६२ मध्ये कोलंबोत एना डी सिल्वा यांच्यासाठी बांधलेलं घर हे बावांचं या बाबतीतलं महत्त्वाचं काम. शहरातला लहान भूखंड, बाहेरून बंद आणि आत चौकाभोवती उघडं. आयातीवर बंधनं असल्यामुळे काच आणि पोलाद जवळपास नाहीच. विटा, लाकूड, कौल, दगड. हे घर पुढे तुकड्यांना क्रमांक देऊन उतरवलं आणि लुनुगंगेत पुन्हा उभारलं. चौकाचं पाणी मात्र मोजून घ्या. चौक पाच मीटर बाय पाच मीटर आणि चारही बाजूंचं तीन-तीन मीटर छप्पर आत उतरतं, तर पाणी १२१ चौरस मीटरचं जमतं. तासाला १५० मिलिमीटरची सर धरली तर सेकंदाला पाच लिटर. ११० मिलिमीटरचा एक पाइप एकास साठच्या उताराने हे कागदावर वाहून नेतो, पण चौकात झाड असतं आणि जाळीवर दोन ओंजळी पानं बसली की संपलं. दोन स्वतंत्र निचरे द्या, आणि तिसरी वाट म्हणून चौकाच्या कडेला घराच्या जमिनीपेक्षा १० सेंटीमीटर खाली एक सांडवा. चौकाची फरशी घराच्या जमिनीपेक्षा किमान १५ सेंटीमीटर खाली. एका पातळीत फरशी सलग नेली की फोटो सुंदर येतो आणि पहिल्याच जुलैत माजघरात पाणी.

उघडी बैठक ठेवणार असाल तर झड कुठून येते ते पाहा. आपल्याकडे ती नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येते, म्हणजे बहुधा खाडीच्या आणि दृश्याच्याच बाजूने. वाशांना दर १.२ मीटरवर कड्या बसवून ठेवा, म्हणजे जूनमध्ये झापं बांधता येतील आणि ऑक्टोबरमध्ये उतरवता येतील. कडी आधीपासून नसली की पहिल्याच पावसाळ्यात निळी ताडपत्री येते आणि कायमची राहते. सूर्यही वेगळा: बेंटोट्यात २१ डिसेंबरला दुपारी तो ६० अंशांवर असतो, रत्नागिरीत सुमारे ५० अंशांवर. दक्षिणेचं ऊन थंडीत जास्त आत येईल. पुढाव्याची लांबी श्रीलंकेच्या नकाशावरून घेऊ नका.

गच्चीवर माती घालायची असेल तर कंडलमाचा दाखला लोक देतात. दंबुल्लाजवळचं ते हॉटेल १९९४ चं. मालकाने दाखवलेली सिगिरिया या खडकावरच्या किल्ल्याच्या पायथ्याची जागा बावांनी नाकारली, हेलिकॉप्टरमधून पाहून दूरचा कडा निवडला आणि तलावापलीकडून सिगिरिया दिसेल अशी जवळपास किलोमीटरभर लांब इमारत कड्याला वळसा घालून, खांबांवर उचलून उभी केली. डोंगराचं पाणी इमारतीच्या खालून जातं, पुढच्या लाकडी चौकटींवर वेली चढतात. पण तिथल्या माथ्याची माती सुरुवातीपासून गणितात होती. ओली माती घनमीटरला सुमारे १.८ टन, ३० सेंटीमीटर थराचे चौरस मीटरला ५४० किलो. साधा स्लॅब साधारण दीडशे किलो चालत्या भारासाठी केलेला असतो. तयार घरावर मागाहून बाग चढवू नका. नव्यावर करताना मातीच्या आधी किमान ७२ तास पाणी कोंडून चाचणी घ्या.

आता पहिला प्रश्न, उशिराचा. वय अडथळा नाही. मात्र बावांच्या मागे घरचा पैसा होता. नऊ-दहा वर्षं कमाईची काळजी न करता शिकणं त्यांना परवडलं, हे सांगितल्याशिवाय त्यांचा दाखला देणं प्रामाणिक नाही. दुसरं, ते एकटे नव्हते. १९६० च्या दशकात डॅनिश आर्किटेक्ट उलरिक प्लेसनर बरोबर होते, नंतर वीसेक वर्षं इंजिनीअर के. पूलोगसुंदरम भागीदार होते आणि त्यांनी हिशेब, बांधकाम, कार्यालय सांभाळलं म्हणून बावा जागेवर उभे राहू शकले. आणि इथल्या हवेची, इथल्या कारागिरांची आधुनिक वास्तुकला हा विचार श्रीलंकेत त्यांच्याआधी आर्किटेक्ट मिनेट डी सिल्वा यांनी सुरू केला होता. त्या काही काळ मुंबईत जे.जे.मध्ये शिकल्या होत्या. त्यांचं काम बावांइतकंच लक्ष देऊन पाहा.

तुम्ही बी.आर्क. आहात आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी आहे, तेव्हा लँडस्केपचं काम करायला वेगळा परवाना लागत नाही. दोन वर्षांचा लँडस्केपचा पदव्युत्तर अभ्यासक्रम दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये, अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात, पुण्याच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात आहे. जमत असेल तर करा. पातळ्यांचे नकाशे, निचरा आणि वनस्पती या तीन गोष्टी शिस्तीने तिथे शिकायला मिळतात. जमत नसेल तर एखाद्या लँडस्केप कार्यालयात दोन वर्षं द्या, पण अट घाला की किमान एक काम मातीच्या कामापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत जागेवर पाहायला मिळेल. रेंडर (संगणकावरची चित्रं) काढण्यात दोन वर्षं गेली तर ती वाया गेली समजा.

या व्यवसायातली खरी अडचण वेगळी आहे. लँडस्केपवाल्याला शेवटी बोलावतात, इमारत उभी राहिल्यावर, उरलेल्या जागेत आणि उरलेल्या पैशांत. तोवर जोत्याची पातळी ठरलेली असते, सेप्टिक टाकी नेमकी मोठ्या आंब्याच्या मुळांवर आलेली असते, वरची माती ट्रकने गेलेली असते. म्हणून करारात पहिला टप्पा जागेच्या पातळ्या आणि निचऱ्याचा नकाशा असा लिहा आणि त्याचे पैसे वेगळे घ्या. शेवटचा टप्पा लागवडीनंतरच्या दोन पावसाळ्यांचा धरा, वर्षाला चार भेटी. मेलेली रोपं कोणी बदलायची, पाणी कोणी द्यायचं, हे त्यातच लिहा. तुम्ही आर्किटेक्टही आहात हा मोठा फायदा आहे: घर आणि जमीन यांचा छेद तुम्ही एकाच कागदावर काढू शकता. प्रत्येक कामात हद्दीपासून हद्दीपर्यंत, घरातून जाणारे किमान तीन छेद एकास शंभरच्या प्रमाणात काढा, त्यात बसलेल्या माणसाचा डोळा आणि नजरेची रेषा दाखवा.

स्वतःच्या जागेवर पहिल्या वर्षी काही बांधू नका. आता मोजणी करून घ्या. घराच्या कोपऱ्यांवर बांबू रोवा, जोत्याच्या आणि वळचणीच्या उंचीवर दोऱ्या बांधा, खुर्ची टाकून सकाळी, दुपारी आणि तिन्हीसांजेला बसा. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडेल त्या दिवशी छत्री घेऊन जागेवर असा. पाणी हद्दीत कुठून शिरतं, कुठे थबकतं, कुठून बाहेर पडतं तिथे रंगवलेल्या खुंट्या ठोका, आणि पाऊस ओसरल्यावर त्या खुंट्यांची पातळी घेऊन नकाशावर चढवा. ऑगस्टच्या जोरदार पावसात तेच पुन्हा करा. खुंट्या हललेल्या दिसतील. दोन्ही रेषा नकाशावर ठेवा आणि घर त्या दोहोंच्या बाहेर बसवा.